विद्यापीठात इतिहास शिकताना

उर्दूत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात. मराठीत मात्र तारीख म्हणजे दिनांक. मराठीच्या तासाला ‘तारीख लिहा’ असे सांगितले, की तुम्ही वहीच्या कोपऱ्यात दिवस, महिना, वर्ष लिहिता. उर्दूच्या तासाला ‘तारीख’ म्हटले, की तुमच्या डोळ्यांसमोर बादशहा, लढाया आणि तह उभे राहतात. आणि खरे सांगा, परीक्षा जवळ आली, की या दोन्ही तारखा तुम्हांला सारख्याच वाटू लागतात ना? अमुक लढाई कधी झाली, तमुक राजा कधी गेला, एवढे पाठ केले की झाला इतिहास!

शाळेत असे वाटणे साहजिक आहे. शाळेच्या पुस्तकात उत्तरे तयार असतात. विद्यापीठात इतिहास शिकायला गेलेल्या मुलाला पहिला धक्का बसतो तो इथेच. तिथे त्याला विचारतात, “हे तुला कोणी सांगितले? त्याने ते कधी लिहिले? तो तिथे हजर होता का? असे लिहिण्यात त्याचा काही फायदा होता का?” या प्रश्नांची उत्तरे देता देता दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि मग तो हळूहळू इतिहासाचा विद्यार्थी होतो.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. बेगमपुऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्याचा मोठा परिसर पसरलेला आहे. मागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. जवळच सोनेरी महाल आहे. तो औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या एका बुंदेला सरदाराने बांधला. बीबी का मकबराही फार दूर नाही. इतिहास शिकण्यासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. वर्गाच्या खिडकीतून बाहेर पाहिले, तरी निम्मा अभ्यासक्रम दिसतो!

या विद्यापीठाचाही स्वतःचा इतिहास आहे. पूर्वी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा इथल्या महाविद्यालयांचा संबंध हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी असे. ते विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले आणि तिथे उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. त्यामुळे मराठवाड्यातील गोरगरीब मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव मिळावे म्हणून लोकांनी अनेक वर्षे चळवळ केली. त्यात काहींनी प्राण गमावले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. डॉ. रफिक झकेरिया यांनी १९६३ मध्ये सुरू केलेले मौलाना आझाद महाविद्यालयही याच विद्यापीठाशी जोडलेले आहे. उर्दू शाळांतून शिकलेली कितीतरी मुले-मुली त्या महाविद्यालयातून पुढे गेली.

शिकण्याची वाट तशी सरळ आहे. बारावीनंतर बी.ए., म्हणजे तीन वर्षांची पदवी. नव्या शिक्षण धोरणानुसार आता चौथे वर्षही शिकता येते. त्यानंतर एम.ए. आणि मग आवड असेल तर पीएच.डी. पीएच.डी. करणाऱ्याने एकच विषय घेऊन त्याचा तळ गाठायचा आणि प्रबंध लिहायचा. हे सर्व तुम्हांला कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळेल. ते सोडून देऊ. वर्गात नेमके काय करतात, ते पाहू.

एक उदाहरण घेऊ. आपले शहर वसवणारा मलिक अंबर तुम्हांला माहीत आहे. तो आफ्रिकेतील हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनेत आला आणि स्वतःच्या कर्तृत्वावर अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी या गावी राजधानी वसवली. शहराला पाणी मिळावे म्हणून त्याने जमिनीखालून नहर आणली. तिला ‘नहर-ए-अंबरी’ म्हणतात. इथपर्यंत शाळेचे पुस्तक सांगते.

आता विद्यापीठातले शिक्षक विचारतील, “मलिक अंबर माणूस कसा होता?”

तुम्ही आधी बादशहा जहांगीरच्या आठवणींचे पुस्तक उघडाल. ते फारसीत आहे. त्यात अंबरचे नाव जिथे येते, तिथे बहुधा शिवीच येते. त्याच्या रंगावरूनही बादशहा त्याला हिणवतो. हे वाचून तुम्हांला वाटेल, की अंबर अगदीच वाईट असला पाहिजे. पण थांबा! मोगलांच्या मोठमोठ्या फौजा अंबरने गनिमी काव्याने हैराण केल्या होत्या. ज्याने इतकी वर्षे झोप उडवली, त्याच्याविषयी बादशहा गोड कसा बोलेल?

मग एक चित्र पाहू. जहांगीरचा दरबारी चित्रकार अबुल हसन याने ते काढले. आज ते आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. समोर भाल्यावर अंबरचे कापलेले मुंडके आहे आणि बादशहा त्यावर बाण मारतो आहे. चित्र फार सुंदर आहे. रंग अजून ताजे वाटतात. फक्त एकच अडचण आहे : असे कधी घडलेच नाही! जहांगीरच्या हाती अंबर जिवंत लागला नाही आणि मेलेलाही लागला नाही. तो १६२६ मध्ये म्हातारपणी मरण पावला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. म्हणजे चित्रकाराने जे झाले ते काढले नाही; बादशहाला जे हवे होते ते काढले. मग हे चित्र निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. अंबरविषयी ते काही सांगत नाही, पण जहांगीरच्या मनात किती राग होता, ते पुस्तकांपेक्षा चांगले सांगते.

आता याच मोगल दरबारातला मोतमिद खान हा लेखक घ्या. अंबरच्या मृत्यूची नोंद करताना तो त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने स्तुती करतो. शत्रू मेल्यावर खरे बोलणे सोपे जाते, असे म्हणावे का? की अंबरची थोरवी नाकारणे आता कोणालाच शक्य नव्हते? वर्गात यावर वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा.

एवढ्यावर भागत नाही. पीटर व्हान डेन ब्रूक नावाचा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला त्याच्या छावणीत भेटला होता. त्याने आपल्या भाषेत ते लिहून ठेवले. त्याला दख्खनच्या राजकारणाशी फारसे कर्तव्य नव्हते. त्याला व्यापार हवा होता. म्हणून त्याची साक्ष वेगळी ठरते. आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून कवींद्र परमानंदाने रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही अंबरच्या पराक्रमाचे वर्णन आहे. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत महाराजांचे वडील शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले होते, हे लक्षात घेतले म्हणजे परमानंदाचा सूर समजतो.

पाहा बरे! एका माणसासाठी फारसी, डच आणि संस्कृत अशा तीन भाषांची दारे ठोठवावी लागली. प्रत्येकाने आपल्या जागेवरून पाहिले आणि आपल्या सोयीने लिहिले. या सर्व साक्षी एकमेकींवर घासून पाहायच्या आणि मग म्हणायचे, “इतके खात्रीने सांगता येते, याच्या पुढचे सांगता येत नाही.” या शेवटच्या चार शब्दांना विद्यापीठात लाज मानत नाहीत. उलट जो सर्वच गोष्टी ठामपणे सांगतो, त्याच्याकडे शिक्षक संशयाने पाहतात.

आता आपल्या शहराच्या नावाकडे वळू. खडकी हे जुने नाव. अंबरचा मुलगा फतेह खान याने १६२६ मध्ये ते फतेहनगर केले. १६५३ मध्ये शहाजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, तेव्हा औरंगाबाद हे नाव पडले. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. ही चार नावे तुम्ही ऐकली असतील. पण मोगलांच्या नाण्यांवर एक पाचवे नाव सापडते : ‘खुजिस्ता बुनियाद’. फारसीत याचा अर्थ ‘शुभ पाया असलेले’. हे औरंगाबादचेच दरबारी नाव होते. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या हाती स्वतःच्या शहरात पाडलेले नाणे आले, तरी तो ते परके म्हणून बाजूला ठेवील. म्हणून एखाद्या नावाविषयी आपल्या भावना काहीही असोत, इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाचही नावे यावी लागतात.

इथे तुम्हां उर्दू माध्यमाच्या मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. मराठवाड्याच्या इतिहासाचे पुष्कळ कागद फारसी आणि उर्दूत आहेत. मोगलांचा कारभार फारसीत चाले. निजामाच्या राज्यातही आधी फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर कुलकर्णी मराठीत, मोडी लिपीत लिही. वरच्या कचेरीत तेच उर्दूत जाई. म्हणजे एकाच शेताची, एकाच भांडणाची हकिकत दोन लिप्यांत विभागलेली असते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी उर्दूच्या कागदाशी अडतो. तुम्ही मोडीशी अडाल. ज्याला दोन्ही येते, त्याला अख्खी हकिकत कळते. असे लोक फार थोडे आहेत आणि दरवर्षी कमी होत आहेत.

अर्थात, उर्दू येते म्हणून जुने कागद लगेच वाचता येतील, असे समजू नका. तुमचे पुस्तक सुरेख नस्तालीकमध्ये छापलेले असते. जुने मुनशी घाईत लिहीत. त्यांच्या अक्षराला ‘शिकस्ता’ म्हणतात. शिकस्ता म्हणजे मोडलेले. त्यात नुक्ते गाळतात आणि जी अक्षरे जोडायची नाहीत तीही जोडतात. बे, पे, ते आणि से यांच्यात फरक तो काय? नुक्त्यांचाच ना! नुक्तेच नसतील, तर संदर्भावरून ओळखावे लागते. हिशेबाचे आकडे तर ‘सियाक’ नावाच्या निराळ्याच पद्धतीने लिहिलेले असतात. मोडीचीही अशीच तऱ्हा आहे. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता भराभर लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिथे पाळत नाहीत. (शुद्धलेखनाला कंटाळलेल्या मुलांना मोडी आवडावी!) पण दोन-तीन महिने चिकाटीने बसले, तर मोडी वाचता येऊ लागते. राज्याचा पुराभिलेख विभाग वेळोवेळी मोडीचे वर्ग भरवतो.

जुनी मराठी पत्रे वाचताना तुम्हांला आणखी एक गंमत आढळेल. त्यांतले कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे निघतात. शिवकालातील पत्राच्या आरंभी ‘मशहुरुल अनाम’ असे येते, तेव्हा इतर मुले शब्दकोश उघडतात. तुम्हांला ‘मशहूर’ आणि ‘अवाम’सारखे काहीतरी लगेच जाणवते. त्याचा अर्थ ‘लोकांत प्रसिद्ध असलेला’. मजकूर, सदर, इनाम, सनद, तहसील, अर्ज, दस्तऐवज हे शब्द तर आजच्या मराठीतही आहेत. फारसी शब्दांची ही गर्दी इतकी होती, की शिवाजी महाराजांनी त्यांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ मुद्दाम करवून घेतला.

कागद वाचला, तरी त्यावरची तारीख उलगडायची राहतेच. कुठे हिजरी सन असतो, कुठे शक, कुठे सुहूर सन, तर कुठे बादशहाच्या गादीवर बसण्यापासून मोजलेले वर्ष. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते सूर्यवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून त्याचे गणित एका बेरजेने सुटत नाही. हैदराबाद संस्थानातला फसली सन त्या मानाने सोपा. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले, की इसवी सन येतो. त्याचे महिने आझर, दै, बहमन असे इराणी नावांचे असत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, तेव्हा फसली १३५७ संपत आले होते. एकूण काय, तारखा शाळेत पाठ कराव्या लागतात आणि विद्यापीठात शोधाव्या लागतात.

हे सगळे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. अलीकडचेच पाहा. २०२३ मध्ये मराठवाड्यातील निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कचेऱ्यांतली जुनी बाडे बाहेर निघाली. लाखो लोकांच्या नजरा त्या कागदांकडे लागल्या होत्या आणि ते होते उर्दूत व मोडीत! वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. शंभर वर्षे कपाटात पडलेला कागद एका दिवसात किती मोलाचा होऊ शकतो, ते तेव्हा दिसले. जमिनीच्या, वक्फच्या, इनामांच्या दाव्यांतही असेच होते. कागद आहे, पण वाचणारा नाही. मग जो म्हणेल ते खरे!

कागद टिकतात ते मात्र सहजासहजी नाही. शाहनवाज खान हे निजामाचे वजीर औरंगाबादेत राहत. मोगल दरबारातील उमरावांची चरित्रे त्यांनी फारसीत लिहायला घेतली. त्या ग्रंथाचे नाव ‘मआसिर-उल-उमरा’. १७५८ मध्ये राजकारणाच्या धुमाळीत त्यांचा खून झाला. घर लुटले गेले. हस्तलिखिताची पाने कुठल्या कुठे गेली. त्यांचे मित्र मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी हे मोठे विद्वान. काही वर्षे ते पाणचक्कीच्या तकियात राहिले होते. त्यांनी ती पाने चिकाटीने शोधून गोळा केली. पुढे शाहनवाज खानांचा मुलगा अब्दुल हय याने ग्रंथ पुरा केला. मोगलकाळावर काम करणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांना आज या ग्रंथावाचून चालत नाही. आझाद बिलग्रामी त्या वेळी शोक करीत बसले असते, तर ती पाने कोणा वाण्याच्या पुड्यांत गेली असती.

औरंगाबादच्या किल्ले-अर्कमध्ये शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले सरकारी कागद पडून होते. ते विसाव्या शतकात हैदराबादला नेले. आज ते तेलंगणाच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. त्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास आहे. त्यांत फर्माने थोडी. पुष्कळसे कागद साध्या शिपायांचे आहेत. शिपायाचे नाव, बापाचे नाव, रंग, चेहऱ्यावरचा व्रण, घोड्याचा रंग आणि त्यावरचा डाग, असे सर्व त्यांत नोंदलेले असते. भाड्याचा घोडा दाखवून कोणी पगार उकळू नये, म्हणून ही काळजी! बादशहांची चरित्रे सगळेच वाचतात. मला विचाराल, तर कपाळावर व्रण असलेला तो शिपाई अधिक भेटण्यासारखा आहे. त्याची आठवण दुसऱ्या कोणीही ठेवलेली नाही.

फारसी आणि मराठी यांच्यामध्ये पूल बांधणारा एक माणूस याच मराठवाड्याने दिला. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० मध्ये निलंग्याचा. हैदराबाद संस्थानात ते अधिकारी होते. फारसी, उर्दू, मराठी, तेलुगू या भाषा त्यांना येत. आदिवासी भागात नोकरी करताना ते गोंडीही शिकले. भीमसेन सक्सेना हा औरंगजेबाच्या फौजेतला हिंदू अधिकारी. त्याने आपल्या आठवणी फारसीत लिहिल्या. त्या पगडींनी मराठीत आणल्या. मोगल बाजूने मराठे कसे दिसत, हे त्यामुळे मराठी वाचकांना घरबसल्या कळले. १९९२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९९४ मध्ये ते गेले. त्यांची जागा अजून पुरती भरलेली नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट. इतिहास शिकून पोट भरते का? घरचे लोक हे विचारणारच, आणि त्यांचे चुकत नाही. पदवी घेतली की नोकरी दारात उभी राहते, असे मुळीच नाही. प्राध्यापक व्हायचे तर एम.ए. नंतर नेट किंवा सेट ही परीक्षा द्यावी लागते आणि जागा थोड्या असतात. शिक्षक, वस्तुसंग्रहालये, पुरातत्त्व खाते, पुराभिलेख विभाग, स्पर्धा परीक्षा, पर्यटन अशा वाटा आहेत. अजिंठा आणि वेरूळ ही लेणी १९८३ पासून जागतिक वारसा आहेत. देशोदेशीचे लोक ती पाहायला येतात. त्यांना खरी माहिती सांगणारा चांगला वाटाड्या मिळाला तर हवाच असतो. एवढे मात्र खरे, की दोन लिप्या आणि तीन-चार भाषा जाणणारा विद्यार्थी रांगेत मागे उभा राहत नाही.

विद्यापीठ अजून तुमच्यापासून काही वर्षे दूर आहे. तोवर दोन कामे करता येतील. पुढच्या वेळी मकबऱ्याला जाल, तेव्हा नुसते फोटो काढून परतू नका. मुख्य दरवाजावरच्या पितळी पत्र्याजवळ उभे राहा. त्यावरच्या लेखात अताउल्ला या वास्तुकाराचे आणि हंसपतराय या कारागिराचे नाव आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या या कबरीसाठी हे दोघे एकत्र राबले. लोक गाइडचे ऐकतात. तुम्ही दरवाजा वाचून पाहा.

दुसरे काम घरातले. माळ्यावर, जुन्या संदुकीत, आजोबांच्या कपाटात शिकस्तात किंवा मोडीत लिहिलेले काही कागद असतील. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत देऊ नका. त्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनही करू नका. त्याने कागद मरतो. घडी पडलेली असेल तर जोर करून उलगडू नका. ओल आणि वाळवी यांपासून दूर, कोरड्या जागी सपाट ठेवा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढा. कागद कोणाचा, घरात कुठून आला, हे दादी-नानींना विचारून वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी त्याच्यासोबत ठेवा. मग विद्यापीठाच्या इतिहास विभागात किंवा शहरातल्या पुराभिलेख कार्यालयात तो फोटो घेऊन जा. सोबत पेन्सिल न्या. जुन्या कागदांजवळ शाईचे पेन चालत नाही.